अकरा घरांची विहीर

माडवेळ
११ जानेवारी २०२५

शरददादा, नमस्कार.

परवा फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि तू पलीकडून "हो हो, सगळे मजेत" म्हणत राहिलास. तुझ्या कानांशी भांडण्यापेक्षा पोस्टमनशी मैत्री बरी, म्हणून लिहायला बसले. चाळीस वर्षं सरकारी नोकरीत बोअरच्या गाडीशेजारी उभा राहिलास, त्याची शिक्षा सगळ्या गोतावळ्याला.

कामाचं सांगते. आमच्या विहिरीचं पाणी बिघडलंय. डिसेंबरपासून खारं लागतं. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, न्हाऊन आलं की केस काथ्यासारखे होतात. माझं एकटीचं असतं तर मी कुरकुरत दिवस काढले असते. पण पाखाडीची अकरा घरं प्यायचं पाणी इथूनच नेतात. नळयोजनेचा नळ आहे, त्यातून पाण्यापेक्षा हवा जास्त येते. मी या घरात आले त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. कळशी घेऊन आलेल्या बाईला माघारी पाठवायची वेळ माझ्यावर आलेली नाही. ती येईल की काय, या धसक्यानं झोप लागत नाही.

विनायक म्हणतो, बोअर मारू. तो माझा मुलगा, त्याला सगळ्याची घाई. आम्ही पाणी पूर्वी उपसायचो तेवढंच उपसतो, मग हे का व्हावं? तुझ्या मावशीची मुलगी आहे मी, फुकट सल्ल्याचा हक्क आहे माझा.

कुसुम

*

ब्राह्मणपारा, रायपूर
२१ जानेवारी २०२५

चि. कुसुमला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. अगं, खाऱ्या पाण्याची तक्रार तू रायपूरच्या माणसाकडे करतेस? आमच्या नदीचं नावच खारून. तिचं पाणी मात्र गोड, आणि खारं ते आमच्या घरोघरच्या बोअरमध्ये. डाळीचं दुःख इथे प्रत्येक सुनेला ठाऊक आहे. गीझर दोन वर्षांत मरतो, नळाच्या तोंडावर पांढरा थर चढतो. माझी सून श्रावणी रोज लिंबू घासत असते आणि माझ्याकडे रागानं पाहते, कारण तो बोअर मीच मारलेला.

याला उपाय आहे आणि तो मी शेकडो गावांत केलेला आहे. खारं पाणी वरच्या थरातलं असतं. वरच्या भागाला केसिंग पाइप घालून तो थर बंद करायचा आणि खाली उतरायचं. खालच्या दगडातलं पाणी गोडं मिळतं. दीडशे-पावणेदोनशे फुटांची तयारी ठेव. विनायक हुशार पोट्टा आहे, त्याचं ऐक.

एक विचारायचं राहिलं. पंप रोज किती तास चालतो ते कळव. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायचो, सवय आहे.

तुझा दादा

*

माडवेळ
३१ जानेवारी २०२५

शरददादा,

पत्र मिळालं, धीर आला. पण इथे एक विघ्न उभं राहिलंय आणि त्याचं नाव भार्गवकाका.

हे आमच्या पाखाडीतले ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. आसपासच्या सात गावांतल्या विहिरी यांच्या हातच्या. बोअरचं कानावर गेलं तसे काठी टेकत आले, विहिरीत वाकून पाहिलं, ओंजळभर पाणी तोंडात धरून थुंकले आणि म्हणाले, "वैनी, बारा हाताखाली जाऊ नका. खाली दर्या आहे. त्याला वाट दाखवू नका." विनायकला हसू आवरेना. ते गेल्यावर मी त्याला रागावले, पण खरं सांगते, मलाही ते भुताखेताच्या गोष्टीसारखंच वाटलं. दर्या कुठे आणि आमची विहीर कुठे! मध्ये निम्मं गाव आहे.

तरी मनात पाल चुकचुकली आहे. तू एकदा स्पष्ट लिही म्हणजे मी त्यांना तोंडावर सांगू शकेन. अकरा घरांतली आठ त्यांचं ऐकतात.

पंपाचं विचारलंस. तेच आपलं, पोफळी-माडांच्या शिंपण्यापुरतं.

कुसुम

*

ब्राह्मणपारा, रायपूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. कुसुम,

मी या कामात पाऊल टाकलं तेव्हा प्रत्येक गावात एक भार्गवकाका असायचा. कोणी नारळ हातावर धरून पाणी शोधायचा, कोणी बाभळीची काडी घेऊन. मी कोणाचा अपमान केला नाही. त्यांना बाजेवर बसवायचो, चहा द्यायचो आणि गाडी मला हव्या त्या जागी लावायचो. पाणी लागलं की तेच म्हातारे सांगायचे, "हव साहब, मैं तो यही बोल रहा था."

हातानं विहीर खणणारा माणूस पंचवीस-तीस फुटांच्या खाली कधी गेलेला नसतो. खालचं त्याला काय माहीत? ज्याला जे दिसत नाही त्याला तो भूत म्हणतो, नाहीतर दर्या म्हणतो. काहून घाबरून राहिली एवढी?

भार्गवकाकांना माझा नमस्कार सांग आणि सांग की रायपूरच्या भावानं सगळी जबाबदारी घेतली आहे. हे वाक्य त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. पावणेदोनशे फूट, त्याच्या आत थांबू नकोस.

तुझा दादा

*

माडवेळ
३ मार्च २०२५

दादा, दादा, दादा!

पाणी लागलं! २२ तारखेला गाडी आली. संघर्ष नावाचा तरुण मुलगा आहे, शेजारच्या गावातला, स्वतःची गाडी घेऊन दोन वर्षं झालीत त्याला. तो दीडशेला थांबू म्हणत होता. म्हणाला, "काकू, माती बदलतेय, मला बरोबर वाटत नाही." मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं आणि पावणेदोनशे पुरे केले.

पहिल्या दिवशी गढूळ आलं, दुसऱ्या दिवशी निवळशंख. गोडं! मी चुलीपाशी उभी राहून डाळ शिजताना पाहत होते, लग्न लागताना पाहावं तशी. सगळी घरं कळशा घेऊन आली. विनायकनं अकराही घरांना पाइप काढून दिले, आता कोणी चालत यायला नको. दिवसभर पंप सुरू असतो आणि पाखाडीत नुसता पाण्याचा आवाज. एकटे भार्गवकाका तेवढे आले नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी पाइप मागच्या दारानं घेतला.

तुझं जबाबदारीचं वाक्य मी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आता गावात तू "रायपूरचे पाणीवाले" झालास. ये एकदा, हार घालतील.

कुसुम

*

माडवेळ
१४ एप्रिल २०२५

शरददादा,

हे पत्र मिळताच उत्तर लिही. शक्य असेल तर श्रावणीला फोन करायला सांग.

बोअरचं पाणी फिरलं. तीन आठवड्यांपूर्वी जरासं मचूळ लागलं, मी म्हटलं नवा पाइप आहे. मग रोज वाढत गेलं. आज सकाळी चहाला ठेवलेलं दूध फाटलं. दुसऱ्यांदा ठेवलं, तेही फाटलं. पाणी तोंडात धरवत नाही. आणि विहीर, जिच्यासाठी हा सारा खटाटोप केला, ती बोअरपेक्षाही खारट झाली आहे. जानेवारीतलं पाणी पुन्हा मिळालं तर मी पूजा करीन त्याची.

पोफळींच्या झावळ्यांची टोकं करपली आहेत. माड तग धरतील, पोफळी नाही धरणार. काल शेजारच्या घरातलं तान्हं मूल दिवसभर ओकत होतं. पाण्यानंच की आणखी कशानं, कोणाला ठाऊक.  त्याची आई नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं सोसवेना.

दादा, काय चुकलं? मी तू सांगितलंस तसंच केलं ना?

कुसुम

*

ब्राह्मणपारा, रायपूर
२१ एप्रिल २०२५

चि. कुसुम,

पंप बंद कर, हा निरोप श्रावणीनं फोनवर दिलाच आहे. पुन्हा लिहितो. बोअरचा आणि विहिरीचा, दोन्ही पंप बंद. शिंपण्यालाही नको, एक तासही नको. प्यायला टँकर मागवा.

कारणाचं म्हणशील तर मला केसिंगची शंका येते. पाइप हलका वापरला असेल किंवा सांधा नीट बसवला नसेल, तर वरचं खराब पाणी खाली झिरपतं. नव्या पोरांचं काम असंच असतं. मी समोर असतो तर एकेक पाइप ठोकून पाहिला असता.

काळजी करू नकोस. तब्येतीला जप.

तुझा दादा

*

माडवेळ
२९ एप्रिल २०२५

शरददादा,

दोन्ही पंप बंद आहेत. टँकर एक दिवसाआड येतो, घरटी चार हंडे.

तुझं केसिंगचं वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. विनायक तर ते पत्र खिशात घालून संघर्षच्या गावी गेला आणि चार माणसांसमोर त्याला नको ते बोलला. तो मुलगा शपथेवर सांगतो की पाइप चांगला होता आणि सांधे त्यानं स्वतः बसवले. पण कोण ऐकतंय? गावकुसाबाहेरच्या घरातल्या मुलाला खोटं ठरवायला आमच्या गावाला पुरावा लागत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. दोन गावांनी त्याला दिलेलं काम काढून घेतलं. कोणीतरी त्याच्या गाडीच्या काचा फोडल्या. ११ मे, रविवारी, ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर त्याला जाब विचारायचं ठरलंय. तक्रार फौजदारीत न्यायची असं विनायक म्हणतो आणि त्याला तुझ्याकडून पत्र हवंय, सरकारी नोकरीतल्या हुद्द्यासकट. केसिंगमुळेच झालं असं लिहून सही कर. अकरा तारखेच्या आत पोचू दे.

संघर्षची आई काल दारात आली होती. मी तिला आत या म्हटलं, ती आली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "त्यो थांब म्हनत हुता, तुमीच खाली जावा म्हनलात." 

दादा, तुला खात्री आहे ना?

कुसुम

*

ब्राह्मणपारा, रायपूर
४ मे २०२५

चि. कुसुम,

श्रावणी म्हणत होती फोन करून सांगते. मी नको म्हटलं. हे माझ्या अक्षरात हवं, म्हणजे तुला सर्वांसमोर वाचता येईल.

संघर्षची काहीही चूक नाही. केसिंग मी पाहिलेलं नाही, आणि ते खराब आहे असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. मी खोटं लिहिलं.

खरं काय झालं ते सांगतो. आमच्या रायपूरकडे जड पाण्याला खारं म्हणतात. चुन्याचं, डाळ न शिजवणारं, फेस न येऊ देणारं पाणी म्हणजे खारा पानी. मिठाचा त्यात काही संबंध नाही. इथल्या दगडात खाली गेलं की कधी कधी बरं पाणी मिळतं. तू जानेवारीत "खारं" लिहिलंस आणि मी आमचं खारं वाचलं. डाळ, साबण, केस, सगळ्या खुणा जुळत होत्या. तुझं खारं म्हणजे समुद्राचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जन्मात दोनदा समुद्र पाहिला, तोही लहानपणी तुमच्याकडे. माझं सगळं आयुष्य या दगडात गेलं.

तुझं दूध फाटल्याचं पत्र श्रावणीनं वाचून दाखवलं आणि सहज विचारलं, "बाबा, आत्या का खारा कहीं नमकीन वाला तो नहीं?" मी खेकसलो तिच्यावर, "तुले काय समजते त्यातलं!" ती स्वयंपाकघरात निघून गेली.  मला त्याच मिनिटाला सगळं समजलं होतं. तरी तीन दिवसांनी तुला केसिंगचं पत्र लिहिलं. काहून लिहिलं, तर मला "रायपूरचे पाणीवाले" राहायचं होतं. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून सापडत नाही.

भार्गवकाका अक्षरशः बरोबर होते. किनाऱ्याजवळ पावसाचं गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत असतं. साय हलक्या हातानं, वरवर काढायची असते. पुस्तकातला हिशेब असा की वर गोडं पाणी एक फूट उतरलं, तर खालून खारं चाळीस फुटांपर्यंत चढू शकतं. मी तुला ती साय भेदून खाली जायला सांगितलं आणि त्यात दिवसभर पंप चालला.

आता करायचं ते असं. बोअर खालपासून वरपर्यंत सिमेंटनं भरून बंद करायचा. विहिरीला पंप नको, प्यायला लागेल तेवढंच पोहऱ्यानं शेंदायचं, तेही पाणी सुधारल्यावर. छपरांचं पावसाचं पाणी विहिरीजवळ जमिनीत मुरवायचं. तीन-चार पावसाळ्यांत फरक पडेल असा माझा अंदाज आहे. खात्री देत नाही. खात्री द्यायचा हक्क माझा संपला.

हे पत्र पंचायतीत पूर्ण वाच. एकही ओळ गाळू नकोस.

शरच्चंद्र दाबके
निवृत्त वेधन (ड्रिलिंग) अधिकारी

*

माडवेळ
१३ मे २०२५

शरददादा,

पत्र शनिवारी दुपारी मिळालं. रात्री विनायकला वाचायला दिलं. तो म्हणाला, केसिंगचा भाग ठेव, हे फाडून टाक. मी ते उशीखाली घेऊन झोपले.

रविवारी हॉल भरला होता. संघर्ष आईबरोबर भिंतीला लागून उभा होता, त्याला कोणी खुर्ची दिली नव्हती. मी उभी राहिले आणि तुझं पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. "तुले काय समजते" सकट. दोघं-तिघं हसले. वाचून संपलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. गुन्हेगार सापडला होता आणि तो बाराशे किलोमीटरवर होता. विनायकही म्हणाला, "चला, माणूस म्हातारा आहे, शब्दाचा घोटाळा झाला, मिटलं." आणि दादा, शरम वाटते लिहायला, पण मलाही क्षणभर मोकळं वाटलं. तुझ्या नावामागे उभं राहायला जागा मिळाली.

तेवढ्यात भार्गवकाकांनी विचारलं, "बोअर फेब्रुवारीत मारलात. विहीर डिसेंबरातच खारी होती. ती कोणी केली?"

कोणाला हा प्रश्न पडलाच नव्हता. मला पडला होता, पहिलं पत्र लिहिलं त्या दिवसापासून.

तू पंपाचं विचारलंस आणि मी तुला शिंपण्यापुरतं असं लिहिलं. दादा, विनायकनं गेल्या वर्षी आमच्या पोफळी-माडांच्या वाडीच्या टोकाला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. त्यांच्यापुढे पोहण्याचा तलाव केला. दर आठ दिवसांनी तो रिकामा करून पुन्हा भरायचा. विहिरीचा पंप रात्रभर चालायचा, दिवसा बायका कळशा घेऊन यायच्या तेव्हा बंद असायचा. वाडीला कुंपण आहे, आतलं कोणाला दिसत नाही. मला सगळं माहीत होतं. मुलाचा धंदा नुकता उभा राहत होता आणि मी तोंड मिटून बसले. तुला खरे तास लिहिले असते, तर तू कदाचित पहिल्याच पत्रात म्हणाला असतास की बोअर राहू दे, आधी पंप थांबवा.

मी म्हटलं, "मी केली." आणि हे सगळं तिथे सांगितलं. विनायक उठून बाहेर गेला. आज तिसरा दिवस, तो माझ्याशी बोललेला नाही. तलाव रिकामा आहे. खोल्यांना कुलूप लावलं, ते मी लावलं.

संघर्ष काल आला. बोअर सिमेंटनं भरून बंद करून गेला. मी माफी मागितली, त्यानं ऐकून घेतली, बरं म्हणाला नाही. जाताना त्यानं तुझ्या पत्राची झेरॉक्स मागितली. दोन गावांत दाखवायची आहे म्हणाला. मी त्याला माझंही एक पत्र लिहून दिलं, पंपाच्या तासांसकट, खाली पूर्ण नाव घालून. तलावाचं वाचल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

तुझ्यावर मी रागावलेली नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. ते ओसरेल. माझ्यावरचा राग ओसरायला अकरा घरांना किती पावसाळे लागतील, ते मला ठाऊक नाही.

आज सकाळी टँकर आला. मी हंडा घेऊन रांगेत गेले. एरवी मला पाहिलं की बायका बाजूला सरकून म्हणायच्या, "वैनी, तुम्ही पुढे या." आज कोणी म्हटलं नाही. मी शेवटी उभी राहिले. माझी पाळी येईपर्यंत टँकर संपला.

कुसुम